तांब्याची कॉइल

लोखंडी गजाचा पहिला फटका जगनच्या खांद्यावर बसला. मारणारा त्याचा सख्खा धाकटा भाऊ शिवा. मागे दारात दहा-बारा संपकरी.

"संपात लपून मशीन चालवतोस? लाज नाय वाटत?"

मशीन कसलं! गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायला असलेल्या जगनने संपात पोटासाठी परळच्या या प्रयोगशाळेत तांब्याची कॉइल गुंडाळून दिली होती. वीज सोडली की ती घूं करी. तिथल्या संशोधक दमयंतीबाई तिच्या मधोमध जंतूंच्या काचेच्या बशा ठेवत. जंतूंची आनुवंशिक घडण एका रसायनाने आधीच बिघडवलेली असे. मंद चुंबकीय क्षेत्रात तो बिघाड वाढतो का, एवढंच बाईंना पाहायचं होतं. पण गिरणगावात रस्त्यावर घरघर ऐकू आली, की माणसाला यंत्रमागच आठवायचा. बाई नेमक्या जगनला राखणीला बसवून जेवायला गेल्या होत्या.

शिवाने पुन्हा गज फिरवला. त्याच रसायनाची बाटली फुटली, काच त्याच्या मनगटात घुसली. जगनने झटकन एक बशी उचलली.

"मागं व्हा. जंतू आहेत ह्यात. अंगावर उडाले तर घरची पोरंबाळं जातील."

सगळे पळाले. गर्दीचं शौर्य असंच. शिवा तेवढा हलला नाही.

जंतू निरुपद्रवी होते. पण जगनची नजर भावाच्या हातावर गेली. जखमेत रसायन उतरत होतं. बाई ती बाटली हातमोज्यांशिवाय शिवत नसत. कॅन्सर होतो, म्हणत.

"शिवा, आधी हात धू. ते विष आहे."

"तुझ्या थापा त्यांना सांग." त्याने गज उगारला.

जगनने गज हिसकावला आणि त्याच्या गुडघ्यावर सणसणीत हाणला. शिवा कोसळला. त्याला केसांना धरून बेसिनपर्यंत फरफटवलं, हात पिरगाळून नळाखाली धरला. शिवाने हिसडा मारला तेव्हा मनगटाचं हाड कडकन मोडलं. तरी जगनने अर्धा तास हात सोडला नाही. शिवा शिव्या घालत होता, मग रडू लागला. जगनही रडत होता.

संध्याकाळपर्यंत लालबागभर बोभाटा झाला. आईने, रखमाबाईने, जगनची वळकटी गॅलरीत फेकली. त्याने खरं सांगून पाहिलं, कोण ऐकतंय?

शिवा आता सत्तरीचा आहे, धडधाकट; कॅन्सर जवळ फिरकला नाही. घरच्या प्रत्येक कार्यात तो वाकडं मनगट पुढे करून सांगतो, सख्ख्या भावाने मोडलं. कोपऱ्यात बसलेल्या जगनला ते ऐकून दर वेळी बरं वाटतं.