रिकामा हात

सुदर्शननं परस टेपानं मोजला आणि दोडक्याच्या वेलाखाली येऊन उभा राहिला. पॉलीहाऊस उभारून देणारा हा माणूस शहरातून आला होता.

"लोखंडी कमानी, वरून प्लास्टिक. ना गारांचं भ्या, ना किडीचं. बारा महिने दोडका."

मोतीरामचं मन काही ठरत नव्हतं. दौलताबादच्या किल्ल्यापुढची हॉटेलं भाजी घ्यायला तयार होती. पण सगळा परस झाकून टाकायचा म्हणजे... त्यानं वेलावर घोंगावणाऱ्या माशीकडं बोट केलं.

"हिचं कसं?"

"तेवढीच गोम हाये, मालक. आत मधमाशी शिरत नाय. रोज फुलाला फूल लावावं लागतं, हातानं. घरात एखादा रिकामा हात पायजे."

मोतीरामचं तोंड खुललं. "मग घोडं अडलं कुठं? आमची विशाखा हाये की!"

त्याची बहीण विशाखा उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती. नवरा गेल्यापासून ती भावाच्याच घरी. दारावर भाचीच्या, सोनियाच्या लग्नाचं तोरण अजून पुरतं सुकलं नव्हतं. दोरीवर विशाखाचा कोट वाळत होता. शेंद्र्याच्या कंपनीतला, निळा, अजून अंगाला न लागलेला. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं.

"दादा, कंपनीत मी हो म्हणून आले."

"नाय म्हणून सांगू. घरचं सोडून लोकाच्या दारात कशाला?"

"अन् ताईंचा हात लई गुणाचा," वहिनी म्हणाली. "त्यांनी लावलेलं कधी वाळलंय का?"

विशाखानं सूप बाजूला सारलं. उठली. उन्हं कलली तशी फुलं उमलायला लागली होती. तिनं एक नर फूल खुडलं, पाकळ्या मागं मुडपल्या आणि मादी फुलाच्या तोंडाला हळूच टेकवलं. फुलामागं करंगळीएवढं दोडकं, आईच्या पाठीशी दडलेल्या लेकरासारखं.

"लागलं बघा लगीन!" सुदर्शन हसला.

मोतीरामही हसला. विशाखा हसली नाही.

"दादा, परवा सोनियाला हळद लावायला मी पुढं झाले, तवा ह्यो हात चालला नाय. वहिनींनी वाटी काढून घेतली."

मोतीराम किल्ल्याकडं बघत राहिला. सुदर्शन टेप गुंडाळायला लागला.

विशाखानं फूल वहिनीच्या तळहातावर ठेवलं.

"घ्या वहिनी. लग्न लावायचंय. सवाष्णीचं काम हाये."

मग तिनं दोरीवरचा कोट ओढला. कॉलरवर फुलाच्या परागानं माखलेलं तिचं बोट पिवळंजर्द उमटलं. तिनं ते पुसलं नाही.