सुनेचा पहिला कॉम्प्युटर
सुनेने जोडलेल्या पहिल्या कॉम्प्युटरची फुशारकी सुकीबाईने वेवजीपासून झाईपर्यंत गावोगावी मारली होती. आज तलासरीचा फोटोवाला दीपेश तो न्यायला आला, तर चाचणीत मेमरीचा वेग निम्माच! "मावशी, लग्नाचे व्हिडिओ यावर रांगतील. मी दुसरा वापीहून घेतो." "चहा टाकलाय, पिऊन जा," सुकीबाई कडाडली. सून शितल रडकुंडीला येऊन माहितीपुस्तिका चाळत होती. सुकीबाईला वाचता येत नव्हतं. तिने नुसतं चित्र पाहिलं, मग कॉम्प्युटरचा उघडा डबा. "अगं, चित्रात मेमरीच्या दोन पट्ट्यांमध्ये एक खाच मोकळी सोडलीय. तू खेटून बसवल्यास!" "जोडीच्या आहेत ना, आई..." "जोडीच्या म्हणून काय मांडीवर बसवायच्या? मिरचीची रोपं तरी अशी लावतेस का?" शितलने पट्टी हलवून पुन्हा चाचणी घेतली. आकडा दुप्पट! दीपेश खुर्चीवरून उठलाच. "मावशी, आत्ताच नेतो!" "थांब! आधी माझ्या सुनेला मॅडम म्हण."