डोळे आखायचे राहिलेत

वार करण्याआधी राक्षसाचे डोळे किंचित लाल होतात, असं प्रणिताला वाटत होतं. आज तिने वार न करता नुसतं पाहिलं. डोळ्यांत काहीच बदललं नाही. तेवढ्यात तलवार आली आणि पडदा काळा झाला.

"मेलीस परत?" दारातून आई म्हणाली.

"मेले."

"मग ऊठ नि जेव."

प्रणिता रोह्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये होती. सकाळची शिफ्ट करून ती हमरापूरला परतायची आणि आदेशच्या खोलीत त्याच्या गेमसमोर बसायची. हा राक्षस म्हणजे गेममधला शेवटचा बॉस; तेवढाच तिच्या भावाकडून हरवायचा राहिला होता.

तिची रीत प्रयोगाची होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जड ढाल घेऊन पाहिली, तर दोन घाव अडवतानाच दम संपायचा. हलकं चिलखत घालून लोळण घेतली, तर ती नेहमी क्षणभर आधी जायची आणि पाठ उघडी पडायची. एक वार करून मागे सरायचं, हे तिला कळत होतं. पण राक्षस अर्धा खचला की दुसऱ्या वाराचा मोह व्हायचा, आणि तिथेच त्याच्या तलवारीला आग लागायची.

"गणपती बाहेर पडू देत," तिचे मूर्तिकार वडील, हैबतराव, जेवताना म्हणाले. "तो गेमचा डबा भंगारात देनार हाय मी."

"राहू द्या ना, आप्पा."

"कशाला? कोनाचा हाय तो?"

प्रणिताच्या आईने, बायजाने, भाकरी उगाच मोडली.

आदेश गेला त्या दिवशी हैबतरावांनी विहिरीवर जाऊन डोक्यावरून घागर ओतली होती. दुसऱ्या दिवशी ओटीवर त्याचा फोटो लागला, फोटोला चंदनाचा हार. अर्ध्या घडलेल्या मूर्तीवर हात ठेवायला लावून त्यांनी मायलेकींकडून शपथ घेतली, की ते नाव पुन्हा ओठांवर यायचं नाही. बायजा रोज फोटोची काच पुसायची. पण उदबत्ती कधी लावायची नाही, आणि पितृपक्षात त्याचं पानही वाढायची नाही. शेजारणीने विचारलं तर म्हणायची, "इसरलेच गो."

कारखान्याच्या शेडमध्ये गणपतीच्या मूर्ती रंगून उभ्या होत्या. पितांबर झाले, दागिने झाले. चेहऱ्यांवर डोळ्यांच्या जागा मात्र कोऱ्या. गेल्या वर्षी डोळे हैबतरावांनीच आखले होते, पण आता त्यांच्या हाताला कंप होता. प्रणिताला रंग जमायचा, डोळे नाही. पेणचा व्यापारी काळुराम सारखा फोन करायचा.

"जोहे गावचा मानूस आनू का डोल्यांच्या आखनीला?"

"बघू," हैबतराव म्हणायचे. आषाढापासून त्यांचं तेच चाललं होतं.

संध्याकाळी शेडमधून जाताना प्रणिता नजर खाली ठेवायची. डोळे नसलेले इतके चेहरे एकदम वळून बघतील, असं तिला वाटायचं. शास्त्र शिकलेल्या बाईने असं वाटून घेऊ नये, हेही तिला कळायचं.

म्हणून त्या सावलीबद्दल तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

गेममध्ये बॉसच्या दाराशी जमिनीवर कधीकधी सोनेरी खूण उमटते. तिला हात लावला की एक सोनेरी सावली मदतीला येते. ती बोलू शकत नाही. लढते, आणि लढाई संपली की विरून जाते. इतरांच्या सावल्या प्रणिताला ठाऊक होत्या; कुठून कुठून खेळणारी अनोळखी माणसं. या सावलीचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांत 'आखणी' असं लिहिलेलं होतं. आणि दारातून आत शिरण्याआधी ती प्रणिताच्या भोवती एक पूर्ण फेरी मारायची.

डोळे आखण्याआधी आदेश मूर्तीभोवती तशीच फेरी मारायचा. "सगळीकडून बघितल्याशिवाय समोरून बघू नये," म्हणायचा.

पहिल्यांदा ती फेरी पाहिली तेव्हा प्रणिता खेळायचंच विसरली होती. डबा गेला असता, तर ही सावलीही गेली असती.

आजही खूण उमटली होती. जेवण उरकून तिने तिला हात लावला. सावली आली, फेरी मारली, आत शिरली. आणि नेहमीसारखी वाकून राक्षसाच्या डाव्या पायाशीच घोटाळू लागली. तिथे घाव फारसा लागत नाही. मग तिथेच का?

प्रणिताने नजर पायावर नेली. वार करण्याआधी राक्षसाचा अंगठा जमिनीत रुतत होता. मूर्तिकाराच्या घरात जन्मल्याची खोड; इतके दिवस ती डोळ्यांतच बघत बसली होती.

अंगठा रुतला. तिने लोळण घेतली. तलवार हवेत गेली. एक वार, आणि मागे.

"ह्यो दुसरा कोन गो?"

हैबतराव दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

"मदतीला येतो."

"शिरताना फेरी मारली त्यानं."

"रोज मारतो."

"नाव काय त्याचं?"

प्रणिताने मान वळवली नाही. "नाव घ्यायचं नाय ना, आप्पा."

राक्षसाच्या तलवारीला आग लागली. सावली मुद्दाम त्याच्या समोर गेली, आग अंगावर घेतली, आणि त्याची पाठ प्रणिताकडे वळवली. अंगठा रुतला. एक वार. मोह झाला, तिने आवरला. पुन्हा अंगठा. पुन्हा एकच वार.

राक्षस गुडघ्यांवर आला आणि राख होऊन पडला.

सावलीने वाकून नमस्कार केला. प्रणिताकडे नाही, समोर, पडद्याबाहेर. मग ती विरली.

हैबतराव वळून ओटीवर गेले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि बायजाचा, "अवो, पडाल!" ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात फोटोवरचा चंदनाचा हार होता.

"आदेशला फोन लाव," ते म्हणाले. "सांग, डोलं आखायचं र्‍हायलेत. नि येताना सुनेला घेऊन ये म्हनावं."