पन्ह्याचा आग्रह

"मावशी, संध्याकाळी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला या हं. कैरीची डाळ केलीय, पन्हंही आहे," खाली नव्यानेच राहायला आलेली केतकी दारातूनच सांगून गेली. मी विधवा आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. अकरा वर्षांत असं बोलावणं आलं नव्हतं.

ठेवणीतली साडी नेसून गेले. केतकीने कुंकवाचं बोट पुढे केलं, तेव्हा मात्र राहवेना. "थांब पोरी. आमचे हे नाहीत."

जमलेल्या बायकांमधल्या दामलेकाकू केतकीला म्हणाल्या, "अगं, बोलावण्याआधी विचारावं तरी!"

मी चपला शोधू लागले. केतकी गोरीमोरी झाली होती. मग तिने करंडा खाली ठेवला आणि पन्ह्याचा पेला माझ्या हातात दिला. "पन्हं द्यायला काय विचारायचं, काकू?"

मी उभ्यानेच दोन घोट घेतले. वेलदोडा अंमळ जास्तच पडला होता. दर चैत्रात मी घरी माझ्यापुरतं पन्हं करते, पण तिथे आग्रह करायला कोणी नसतं.

"आणखी घ्या ना, मावशी."

पेला अजून अर्धा भरलेला होता. तरी मी तो पुढे केला.