दोन पंगती

अंत्युखियात फिलिनाच्या घरी ख्रिस्ताचे भक्त जमत, आणि दर आठवड्याला तिला दोन पंगती मांडाव्या लागत. एक तिच्यासारख्या ग्रीकांची. दुसरी यहुदी भावंडांची. परजातीयांच्या हातचं खाणं त्यांच्या धर्मनियमात बसत नसे, म्हणून ते आपली भाकरी घरून बांधून आणत आणि तिच्या चुलीवरचं काहीही घेत नसत. तिनं कधी तक्रार केली नाही, पण वर्षभरात ती फार थकून गेली होती.

त्या दिवशी यरुशलेमच्या वडीलधाऱ्यांचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, देवाकडून मिळणारं तारण सगळ्यांना सारखंच आहे, त्यासाठी कुणी यहुदी व्हायची गरज नाही. ऐकून माणसं रडली, एकमेकांच्या गळ्यात पडली. मग जेवायची वेळ झाली आणि जो तो आपापल्या पंगतीत जाऊन बसला.

फिलिना मसुराचं कालवण वाढू लागली. एवढ्यात पलीकडच्या पंगतीतली म्हातारी शलोमी उठली, गुडघे धरत आली आणि तिच्यासमोर टेकली.

"वाढ गं मलाही."

फिलिनानं वाडगा पुढे ठेवला. शलोमीनं भाकरी मोडली, कालवणात बुडवली. पण हात तोंडापर्यंत जाईना. दोनदा उचललेला घास तिनं परत वाडग्यात ठेवला.

"राहू दे, मावशी," फिलिना म्हणाली. "मला सवय झालीय आता."

"मला नाही व्हायची," शलोमी म्हणाली. "सत्तर वर्षं आईचं ऐकलंय या हातानं, तो आता माझं कुठला ऐकतोय! तूच भरव."