त्यांच्याच तोंडून

डॉक्टरबाईंनी इंग्रजीत प्रश्न विचारायला सुरुवात केली, तसा सारंगने फोनचा स्पीकर बंद केला आणि तो खोलीबाहेर जिन्यापाशी येऊन उभा राहिला. डचमध्ये बोला, तो म्हणाला, वडिलांना इंग्रजी कळतं.

आत श्यामकांत उशांना टेकून पलंगावर बसले होते. आडवं झालं की खोकला थांबायचा नाही. दहा दिवसांपूर्वी कोपनहेगनहून निघालेल्या गाडीत हाच माणूस खिडकीला चिकटून समुद्रावरच्या पुलाचे खांब मोजत होता. साताऱ्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी जन्मभर पुलांचे नकाशे काढले होते. हा पूल बघायला मिळाला, आता बाकी काही नाही दाखवलंस तरी चालेल, असं ते लेकाला म्हणाले होते. बायको आणि लेकासह श्यामकांत हॅम्बुर्ग करून नेदरलँड्समधल्या बेस्ट गावी सारंगच्या घरी परतले, ते अंगात ताप घेऊनच. शनिवारचं मुंबईचं विमान रद्द झाल्याचा निरोप आज सकाळी आला. कोरोनामुळे युरोपातून येणाऱ्यांना भारताने दार लावलं होतं.

डॉक्टरबाईंचा आवाज मऊ होता, पण बोलणं सरळ. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह, आठ वर्षांपूर्वीची बायपास. श्वास आणखी कमी पडला तर हॉस्पिटलात नेऊन घशात नळी घालून मशीनवर ठेवायचं, की घरीच ठेवून त्रास होऊ नये एवढं बघायचं? अशा तब्येतीची माणसं मशीनवरून क्वचितच परत येतात, हेही त्यांनी सांगितलं. ठरवायचं ते आजच. उद्या त्यांना बोलता येईलच असं नाही.

सारंग म्हणाला, मी मुलगा आहे, मी ठरवतो.

"नाही," त्या म्हणाल्या. "हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे. मी थांबते."

सारंग हातात फोन घेऊन दारात आला. साताऱ्यात असलं बोलणं दवाखान्याच्या व्हरांड्यात व्हायचं, दबक्या आवाजात, आणि मग सगळे चेहरे पुसून आत यायचे. आजारी माणसाला कुणी असं तोंडावर विचारल्याचं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"काय म्हणाली?" शामलाबाईंनी विचारलं. तोंडाला लेकाचा मफलर गुंडाळून त्या पलंगापासून दूर, भिंतीलगतच्या खुर्चीत बसल्या होत्या.

सारंगने फोन या हातातून त्या हातात घेतला.

"एवढा वेळ तू नुसता ऐकत होतास," श्यामकांत म्हणाले. थांबून त्यांनी दोन श्वास घेतले. "सांग."

त्याने सांगितलं, अडखळत, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. श्यामकांतांनी त्याला मध्ये तोडलं नाही. साइटवरच्या कुणाचं म्हणणं ऐकून घ्यावं तसं ऐकलं.

"तिथं हिला माझ्याजवळ येऊ देतील?"

"नाही, बाबा. कुणालाच सोडत नाहीत."

"मग नको."

शामलाबाई उठल्या. बायपासच्या वेळीही डॉक्टरांनी हात वर केले होते, उठून बसलातच ना, असं काहीबाही त्या बोलत राहिल्या. नवऱ्याने मान वर केली नाही, तेव्हा त्या लेकाकडे वळल्या.

"मला विचारलं का कुणी?"

श्यामकांतांनी हात पुढे केला आणि फोन घेतला. मॅडम, आय विल स्टे हिअर, ते म्हणाले. डॉक्टरबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, ते दोन्ही वेळा येस म्हणाले. मग थँक यू म्हणून त्यांनी फोन लेकाला परत दिला आणि डोळे मिटले. एवढ्या बोलण्यानेच त्यांची छाती भात्यासारखी हलत होती.

शामलाबाई सारंगच्या अगदी जवळ आल्या आणि मफलर खाली ओढून फोनमध्येच मराठीत बोलल्या. "यांना घेऊन जा. काय लागेल ते करा, पण न्या."

तुमची आई काय म्हणते, डॉक्टरबाईंनी विचारलं.

सारंगने बाबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"तिला मान्य आहे," तो डचमध्ये म्हणाला.

सकाळी नर्स ऑक्सिजन आणि औषधं घेऊन येईल, असं सांगून डॉक्टरबाईंनी फोन ठेवला.

"सांगितलंस ना तिला?"

"सांगितलं."

शामलाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. गाडी कधी येणार, हे विचारलं. सकाळी कुणीतरी येईल, असं तो म्हणाला. मग त्यांनी कपाटातून एक पिशवी काढली आणि हॉस्पिटलात लागेल ते भरायला घेतलं. स्वेटर, दोन बनियन, मोजे, चष्म्याचं घर. मधुमेहाच्या गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-संध्याकाळ असं पेनाने लिहिलं. तिथं मराठी कोण वाचणार, हे लक्षात येताच खाडाखोड करून त्याखाली एक सूर्य काढला आणि एक चंद्रकोर.

बाहेर अंधारून येत होतं. गावातल्या चर्चची घंटा वाजायला लागली. पाठोपाठ लांबच्या दुसऱ्या एका गावाचीही.

"हे काय वाजतंय?" शामलाबाईंनी हातातलं काम न थांबवता विचारलं.

लोकांनी आशा सोडू नये म्हणून आजपासून दर बुधवारी संध्याकाळी देशभरातल्या चर्चमध्ये घंटा वाजवणार असल्याचं सारंगने सकाळीच वाचलं होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "सात वाजले."

सात ठोके केव्हाच होऊन गेले होते. घंटा वाजतच होत्या.