कुलूप कुणी लावलं?

सरांनी चित्रपट थांबवला तेव्हा पडद्यावरचा पहारेकरी कारखान्याच्या दाराला कमरेच्या किल्लीनं बाहेरून कुलूप लावत होता. पुढच्या दृश्यात आत आग लागणार होती आणि अठरा कामगार मरणार होते. तेवढं नववीच्या पाठ्यपुस्तकातही होतं. कुलूप कुणी लावलं, ते मात्र पुस्तकात नव्हतं.

"खरं की रचलेलं?" सरांनी विचारलं. इतिहासाच्या तासाला चित्रपट दाखवताना त्यांचा नियम ठरलेला : प्रत्येक प्रसंगापुढे या दोनपैकी एक शब्द लिहायचा आणि पुरावा द्यायचा.

तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "रचलेलं. ते पहारेकरी म्हणजे माझे आजोबा. कुलूप मालकानं लावलं होतं. किल्लीही त्याच्याकडेच असायची."

"आजोबा सगळ्यांचेच देवमाणूस असतात," मागून आवाज आला. मागच्या बाकावरच्या या मुलीला वर्गात वकीलच म्हणत.

"पुरावा?" सर म्हणाले.

"आजोबाच आहेत की. उद्या घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी आजोबा इस्त्रीचा सदरा घालून आले. चित्रपट लागला त्या वर्षापासून गल्लीत त्यांना 'कुलूपवाले' म्हणत. त्यांनी स्वतः तो कधी पाहिला नव्हता. सरांनी त्यांना पुढे खुर्ची दिली. "काय दाखवलंय ते आधी बघून घ्या, मग सावकाश बोला," असं म्हणून त्यांनी ते दृश्य लावलं. चार मिनिटांचं होतं.

ते संपल्यावर आजोबा वर्गाकडे वळले.

"मालक म्हणाले, कुलूप लाव. मी कमरेची किल्ली काढली..."

"आजोबा, किल्ली मालकाकडे होती ना? तुम्हीच तर सांगता घरी."

"सांगतो खरं. इतकी वर्षं तेच सांगत आलोय." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "पण आत्ता डोळे मिटले की मीच लावताना दिसतोय."

वकीलसुद्धा हसली नाही.

"चूक माझी आहे," सर म्हणाले. "आधी विचारायचं आणि मग दाखवायचं, एवढं साधं मला कळलं नाही. आता यांना काय आठवतंय आणि काय आत्ता पाहिलंय, ते कुणालाच सांगता येणार नाही."

"मग मी काय लिहू?" नातीनं विचारलं.

सर तिच्या बाकाशी आले. "माहीत नाही, असं लिही."

"वहीत चालेल, सर," मुलगी म्हणाली. "गल्लीत नाही चालायचं."

आजोबांनी खुर्ची उचलली आणि पडद्यापासून हातभर अंतरावर नेऊन ठेवली.

"पुन्हा लावा बरं," ते म्हणाले. "मघाशी मी त्या नटाच्या तोंडाकडे बघत होतो. आता हातांकडे बघतो. डोळे मिटले की दिसतात ते हात हेच का, ते कळेल."